पळस की काटेसावर?

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

बांधावर पळस लावू की काटेसावर, असं विचारलंस. दोन्ही झाडं पानं झडल्यावर लालभडक फुलतात, त्यामुळे लांबून तुला सारखीच वाटली. पण एकदा दोन्हींची फुलं हातात घेऊन बघ.

सावर भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. फूल तळहाताएवढं, पाच जाड पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा भरघोस झुबका. मध तळाशी साचलेला. कुणीही यावं आणि प्यावं. सकाळी मैना, बुलबुल, कावळे, भोरड्या यांचा नुसता कल्ला असतो. मग ती फुलं अख्खीच्या अख्खी धप्पकन खाली पडतात आणि रानात चितळं-भेकरं ती वेचून खातात.

पळस तूर-वालाच्या कुळातला आणि त्याची तऱ्हाच वेगळी. काळपट, मखमली पुष्पकोशातून निघालेलं फूल हलकेच उलगड. एक पाकळी मागे उभी, दोन बाजूंना, आणि उरलेल्या दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी बाकदार नौका. दहाही पुंकेसर तिच्या आत बंद, नऊ जुळलेले आणि एक सुटा. वास अजिबात नाही. जांभळा शिंजीर मधासाठी चोच खुपसतो, तेव्हा नौका दबते, आतले पुंकेसर बाहेर येऊन त्याच्या अंगाला परागकण लावतात. मी हे बघत तासन्‌तास उभा राहू शकतो. सावरीचं औदार्य मला आवडतं, पण जीव पळसावरच.

बियांचंही तसंच. सावरीची बोंडं उन्हाळ्यात उकलतात आणि कापसासोबत बिया गावभर उडतात. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी. वाऱ्यावर जाते ती अख्खी शेंगच.

तुझा बांध मुरमाड, पाण्याची सोय नाही. तिथे पळसच लाव. वाढेल सावकाश, पण तग धरेल. पत्रावळींना पानंही होतील. सावर झपाट्याने वाढून अवाढव्य होते, लहान खोडावर काटे असतात, म्हणून ती गोठ्यापासून लांब, ओढ्याकडेला लाव. आणि तिथे आधीची एखादी असेल तर कृपा करून तोडू देऊ नकोस. कोकणात होळीसाठी कितीतरी सावरी जातात, फुलायच्या ऐन दिवसांत; मला ते बघवत नाही.

पळसाच्या शेंगा पिकल्या की पाठवतो. बी ताजं असतानाच पेर, ठेवून देऊ नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत