तक्त्यात एक रकाना कमी आहे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्या आकड्यांचा, तक्ता पाहिला. कलिंगडावर लाल फुली आणि आइस्क्रीमला हिरवी खूण! असा निकाल कुणाला नको असेल म्हणा. पण तो आकडा काढतात कसा, ते आधी बघ.

१९८१ साली टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा एकच पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा आणि दोन तास रक्तातली साखर मोजायची. तेवढ्याच ग्लुकोजने ती जितकी चढते, ते १०० धरायचे. ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त.

कलिंगड म्हणजे बहुतेक पाणीच. त्यातून ५० ग्रॅम कर्बोदकं मिळवायला साधारण साडेसहाशे ग्रॅम गर संपवावा लागेल. तू खातेस १२० ग्रॅम, त्यात कर्बोदकं जेमतेम ९ ग्रॅम. तुझ्या तक्त्यातला कलिंगडाचा आकडा ७२ गुणिले ९, भागिले १०० केलंस की साडेसहा येतात. याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. १० पर्यंत तो कमीच समजतात. वाटीभर पांढऱ्या भाताचा हाच हिशोब तिशीच्या घरात जातो.

आइस्क्रीमचा आकडा खाली राहतो तो मुख्यतः त्यातल्या स्निग्धांशामुळे. जठर सावकाश रिकामं होतं, साखर हळूहळू चढते. कॅलरी मात्र सगळ्या अंगी लागतात, त्यांची नोंद हा आकडा ठेवत नाही.

शिवाय एका पदार्थाचा एकच आकडा कुठे असतो? गरम उकडलेल्या बटाट्याचा जास्त, तोच थंड झाल्यावर कमी, कारण थोडा स्टार्च पचायला जड होतो. केळं जसं पिकतं तसा आकडा चढतो. धान्य जितकं बारीक दळाल तितकी साखर लवकर रक्तात उतरते. आणि नुसता भात जेवतं कोण? सोबत डाळ, भाजी, दही असलं की चढण सौम्य होते.

म्हणून भात बंद करू नकोस, अर्धा कर आणि उरलेली जागा कडधान्यांना दे. त्यांचा आकडा बहुधा तिशीच्या आसपास असतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला मात्र हा तक्ता परस्पर देऊ नकोस. तिचा आहार तिच्या डॉक्टरांना ठरवू दे.

तक्त्यात 'किती ग्रॅम खाल्लं' असा रकाना आख आणि आठवडाभर भरून पाठव. मग फुल्या कुठे मारायच्या ते बोलू.

तुझी,
आई