शेरा नको, घडले ते लिहा : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

शाळांमधल्या वर्तनाच्या नोंदींबद्दल हे पत्र आहे. ‘मूल आक्रमक आहे’ हा शेरा एकदा कागदावर आला की पुढच्या इयत्तेत मुलाच्या आधी तो शेरा पोचतो. नव्या बाईंनी त्या मुलाला पाहिलेलेही नसते, पण त्याचा बाक ठरलेला असतो. आपल्या विभागाने अशा शेऱ्यांची पद्धतच बंद करावी, अशी माझी विनंती आहे.

कारण शेरा लिहिणारा पाहतो काय, हे त्याला आधी काय ठाऊक आहे यावर बरेच अवलंबून असते. जॉन कॉन्ड्री आणि डेव्हिड रॉस यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. बर्फात दांडगाई करणारी दोन लहान मुले, अंगभर जाड कपडे, त्यामुळे मुलगा की मुलगी ते कळायला मार्ग नाही. चित्रफीत सर्वांना एकच दाखवली, सांगताना मात्र कुणाला दोघे मुलगे, कुणाला दोघी मुली, कुणाला एक मुलगा-एक मुलगी असे सांगितले. ‘दोघे मुलगे’ असे सांगितलेल्यांना तीच धक्काबुक्की इतरांपेक्षा कमी आक्रमक वाटली.

यात मुलग्यांचा फायदा झाला असे वाटेल. मला तसे वाटत नाही. ‘मुलगेच ते, मस्ती करणारच’ म्हणून मोठी माणसे तोंड फिरवतात तेव्हा रोज मार खाणारा मुलगाही त्याच मस्तीत जमा होतो. त्याची तक्रार म्हणजे रडूबाईपणा. आणि मुलीने एकदा ढकलले की घरी निरोप जातो! म्हणजे नजर दोन्हीकडून चुकते, आणि सवलत मिळालेल्या बाजूची चूक तर कुठल्याच वहीत सापडत नाही.

दुसरा प्रयोग थेट नोंदवहीशी संबंधित आहे. ओकोनोफुआ आणि एबरहार्ट या अमेरिकी संशोधकांनी 2015 मध्ये शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ आगळिकींच्या नोंदी वाचायला दिल्या. काहींच्या कागदावर कृष्णवर्णीयांमध्ये आढळणारे नाव होते, काहींच्या गोऱ्यांमध्ये आढळणारे. पहिल्या आगळिकीला फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी मात्र कृष्णवर्णीय वाटणारा विद्यार्थी जास्त त्रासदायक ठरला आणि त्याला कडक शिक्षा सुचवली गेली. तिथे वंश होता. दुसरीकडे जात, वस्ती, बोली किंवा बापाचा धंदा असेल.

यावर ‘मग नोंदीत कौटुंबिक पार्श्वभूमीचा रकाना वाढवू’ असा तोडगा विभागात कुणीतरी सुचवेलच. सावध राहावे. येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम यांच्या गटाने 2016 मध्ये तेही तपासले. शिक्षक आणि मूल एकाच वंशाचे असतील तर घरची अडचण कळल्यावर शिक्षकांना मुलाचे वागणे कमी गंभीर वाटले. वंश वेगळा असेल तर उलट जास्त गंभीर वाटले. म्हणजे त्याच माहितीने आपल्यांबद्दल कणव वाढते आणि परक्यांबद्दल धास्ती.

म्हणून मागणी साधी आहे. नोंदीत ‘आक्रमक’, ‘दांडगट’, ‘उद्धट’ असे शब्द नकोत. कोणी, कुठे, काय केले, त्याआधी काय घडले आणि दुसऱ्या मुलाने काय केले, एवढेच लिहावे. आणखी एक ओळ असावी : नंतर मुले एकत्र राहिली की वेगळी झाली? खोटी मारामारी संपली की मुले बहुधा पुन्हा एकत्र खेळतात, खऱ्या भांडणानंतर पांगतात. मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाला हे सहज टिपता येते. हसू होते का, आळीपाळीने वरखाली होत होते का, हेही दिसते.

जुन्या नोंदी पुढच्या वर्गशिक्षकाकडे आपोआप जाऊ नयेत. गरज असल्यास मुख्याध्यापकांनी कारण लिहून द्याव्यात. मारहाण होत असेल तर अर्थातच तिथल्या तिथे थांबवावी, त्याबद्दल वाद नाही. पण वर्षअखेरीस प्रत्येक शाळेने आपल्या नोंदी एकदा एकत्र मांडून पाहाव्यात : कुणाची नावे वारंवार येतात, आणि कुणाची कधीच येत नाहीत. हा तक्ता शिक्षकांच्या बैठकीत ठेवावा, असे परिपत्रक नव्या शैक्षणिक वर्षाआधी निघावे.

आपली,
एक शिक्षिका