डेन्व्हरच्या सॅनेटोरियमबद्दलही छापा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

टीबीबद्दल छापताना एकदा अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ज्यू सॅनेटोरियमचाही इतिहास द्या ना. १८९९ ला तिथे नॅशनल ज्यूईश हॉस्पिटल सुरू झालं, अगदी फुकट, पण सुरुवातीला घ्यायचे फक्त आजार नुकताच लागलेले पेशंट, मग बाकीच्यांनी जायचं कुठे? म्हणून १९०४ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या साध्या ज्यू कामगारांनी पदरचे पैसे घालून वेगळी संस्था काढली, डॉ. चार्ल्स स्पिवाक तिचे सेक्रेटरी, पेशंट तंबूत मोकळ्या हवेवर झोपायचे, जेवण कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे, आणि शेवटच्या स्टेजचा असला तरी घ्यायचे. टीबीवरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन यायला तेव्हा अजून चाळीस वर्षं होती हो! औषध नसताना अशा माणसाला खाट दिली हे मला फार मोठं वाटतं. १९५४ पासून या कामगारांच्या संस्थेतच कॅन्सरचं काम सुरू झालं, तेही सविस्तर यायला हवं.

— एक वाचक, पुणे