पुंजके दिसतात, रिकामे केंद्रक नजरेतून सुटते

संपादक महोदय,
स.न.

स्मृतिभ्रंश किंवा मोटर न्यूरॉन डिसीजची बातमी आली की तीत 'मेंदूत घातक प्रथिने साचतात' हे वाक्य हमखास असते. टीडीपी-४३ या प्रथिनापुरते ते अर्धेच खरे आहे. राहून जाणारा अर्धा भाग उपचारांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, म्हणून हे पत्र.

टीडीपी-४३ हे ४१४ अमिनो आम्लांचे, आरएनएला चिकटणारे प्रथिन. त्याचा मुक्काम मुख्यतः पेशीच्या केंद्रकात असतो. जनुकावरून आरएनएची आधी कच्ची प्रत निघते. तिच्यातले नको ते भाग कापून उरलेले सांधले की वापरण्याजोगा संदेश तयार होतो. या कापजोडीला स्प्लाइसिंग म्हणतात. कच्च्या प्रतीत यू आणि जी ही अक्षरे आलटूनपालटून आली की तिथे टीडीपी-४३ जाऊन बसते. तिथल्या आसपासचे काही तुकडे खऱ्या संदेशासारखेच दिसतात, पण ते संदेशात जाऊन चालत नाहीत. टीडीपी-४३ त्यांना बाहेर रोखून धरते. त्याचे पहाऱ्याचे काम ते हेच.

एएलएसच्या (मोटर न्यूरॉन डिसीजचा मुख्य प्रकार; यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरतात) आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या (मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांचा स्मृतिभ्रंश) रुग्णांच्या चेतापेशींत दिसणारे पुंजके याच प्रथिनाचे असल्याचे २००६ साली कळले. एएलएसच्या सुमारे ९७ टक्के आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते आढळतात. पण त्याच काचपट्टीवर आणखी एक गोष्ट दिसते: ज्या पेशीच्या पेशीद्रवात पुंजका आहे, तिचे केंद्रक बहुधा फिके, टीडीपी-४३ नसलेले असते. डोळा मात्र पुंजक्यावरच खिळतो.

पहारा उठल्यावर काय होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्टॅथमिन-२. चेतापेशीचा लांब तंतू वाढायला आणि इजेनंतर पुन्हा उभा राहायला हे प्रथिन लागते. २०१९ साली असे दिसले की टीडीपी-४३ घटताच स्टॅथमिन-२च्या पहिल्या इंट्रॉनमधला (कापून टाकायच्या भागातला) असाच एक, एरवी रोखलेला छुपा तुकडा संदेशात शिरतो आणि संदेश तिथेच तुटतो. पूर्ण प्रथिन तयारच होत नाही. दुसरे उदाहरण यूएनसी१३ए. चेतापेशींच्या सांध्यावर रासायनिक संदेश सोडण्याच्या कामी ते येते. या जनुकातले काही सर्वसाधारण फरक एएलएसचा धोका वाढवतात हे आधीपासून माहीत होते, पण का ते उमगत नव्हते. २०२२ साली उलगडा झाला. ते फरक नेमके छुप्या तुकड्याच्या परिसरात आहेत. टीडीपी-४३ घटल्यावर त्यांच्यामुळे तो तुकडा अधिकच सहज संदेशात घुसतो. लोकसंख्येच्या आकडेवारीतला एक कोरडा धागा असा थेट रेणूपर्यंत जाऊन पोहोचावा, हे या क्षेत्रात फार क्वचित घडते.

मग बाहेरून टीडीपी-४३ वाढवून का देत नाहीत? कारण त्याचे प्रमाण पेशी अतिशय काटेकोरपणे सांभाळते. ते वाढले की आपल्याच संदेशाच्या शेवटच्या भागाला चिकटून स्वतःचे उत्पादन घटवते. प्रयोगातल्या प्राण्यांत ते जादा तयार करायला लावले तर त्यानेही चेतापेशी मरतात. उलट केंद्रकातला साठा आटला की हा लगाम सुटतो, नवे प्रथिन जास्त तयार होते आणि ते पुंजक्यांत भर घालण्याची भीती असते. नुसते पुंजके विरघळवून भागेल असे म्हणूनच धरून चालता येत नाही. प्रथिन केंद्रकात परतायला हवे, नाहीतर त्याचे अडलेले काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवे.

हा दुसरा मार्ग कल्पनेतला नाही. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरचे नुसिनर्सेन हे औषध डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एसएमएन२ जनुकाच्या कच्च्या प्रतीत ज्या जागी एचएनआरएनपी ए१ हे आरएनएला चिकटणारे प्रथिन बसून संदेशाला हवा असलेला सातवा तुकडा गाळायला लावते, तीच जागा हे औषध झाकते आणि तुकडा संदेशात परत येतो. १२ मिलिग्रॅमचा डोस पाठीच्या कण्यातल्या पाण्यात देतात. सुरुवातीला चार डोस आणि मग दर चार महिन्यांनी एक. स्टॅथमिन-२मधला छुपा तुकडा असाच झाकता येतो, हे प्रयोगशाळेत दाखवून झाले आहे.

इथे उंदरांबद्दल एक गोष्ट बातमीदारांनी ध्यानात ठेवावी. स्टॅथमिन-२ आणि यूएनसी१३ए यांचे हे छुपे तुकडे माणसाच्या जनुकांत आहेत, उंदरांच्या नाहीत. मानवी क्रम मुद्दाम घातलेला नसेल तर साध्या उंदरात या आजाराचा हा भाग घडतच नाही. 'उंदीर बरे झाले' असे छापण्याआधी कोणता उंदीर, हे विचारायलाच हवे.

तेवढाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कोणता एएलएस. २००९ साली एफयूएस या दुसऱ्या आरएनए-बंधक प्रथिनाच्या जनुकातले बिघाड सापडले. त्यातले बरेचसे प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला, केंद्रकात शिरण्याचा परवाना जिथे असतो तिथे आहेत. त्यातला पी५२५एल हा बिघाड अगदी तरुण वयात आजार आणतो. एफयूएस किंवा एसओडी१ या जनुकांतल्या बिघाडाने होणाऱ्या एएलएसमध्ये टीडीपी-४३चे पुंजके सहसा नसतात. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टोफरसेन हे औषध फक्त एसओडी१चा बिघाड असलेल्यांसाठी आहे, म्हणजे एकूण रुग्णांपैकी साधारण दोन टक्क्यांसाठी. 'एएलएसवर औषध आले' या मथळ्याने उरलेल्या ९८ टक्के घरांत जी आशा जागते आणि मग विझते, ती टाळणे वृत्तपत्रांच्या हातात आहे.

जनुक तपासणीतही एक खड्डा आहे. एएलएस आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाशी जोडलेल्या सी९ओआरएफ७२ या जनुकात सहा अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात ही पुनरावृत्ती बहुधा तिसाच्या आत असते, आजारात शेकडो ते हजारो. नेहमीच्या सिक्वेन्सिंग पॅनेलमध्ये इतकी लांब पुनरावृत्ती निसटते. तिच्यासाठी रिपीट-प्राइम्ड पीसीआर वेगळी सांगावी लागते. अहवाल 'निगेटिव्ह' आला तर ही चाचणी झाली होती का, हे विचारावे. बिघाड निघाल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणून समुपदेशन रक्त देण्याआधीच व्हावे.

ऐंशीच्या पुढच्या वयात विसरभोळेपणा वाढला की सरसकट अल्झायमर म्हटले जाते. त्यातल्या अनेकांच्या मेंदूत टीडीपी-४३चा आजार एकटा किंवा अल्झायमरच्या जोडीने असतो. २०१९ साली त्याला 'लेट' हे नाव मिळाले. अमायलॉइड हे अल्झायमरमध्ये साचणारे प्रथिन हटवणारी नवी औषधे या प्रथिनाला हात लावत नाहीत.

जिवंत माणसात हा आजार नक्की ओळखणे हीच आतापर्यंतची मोठी अडचण होती. न्यूरोफिलामेंट (चेतापेशींच्या सांगाड्याचे प्रथिन) मोजणारी चाचणी चेतापेशींची हानी दाखवते, दोषी प्रथिन दाखवत नाही. पण छुपा तुकडा संदेशात शिरला की कधीकधी त्यापासून एक वेगळेच, निरोगी पेशीत नसणारे प्रथिन बनते. एचडीजीएफएल२ या प्रथिनाचे असे रूप सी९ओआरएफ७२चा बिघाड असलेल्यांच्या पाठीतल्या पाण्यात, काहींत तर लक्षणे दिसण्याआधीच, सापडल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. ही चाचणी अजून संशोधनापुरती आहे. तिच्याबद्दल बातमी आलीच, तर ती पुंजके मोजत नाही, केंद्रकातला पहारा उठल्याची खूण शोधते, हे वाचकांना जरूर सांगावे.

आपले,
चेताविज्ञानाचे काही अभ्यासक