‘वाऱ्यावरची वरात’ सापडली, मॅडम!

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथे टाळता यायचं नाही!

आमच्या वाचनालयाचा कॅटलॉग कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर आहे, पण नोंदी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या. कुणी ‘वाऱ्यावरची वरात’ शोधलं की निकाल शून्य, आणि पुस्तक समोरच्या कपाटात. तुम्ही मला कोहातून मार्क फाइल (ग्रंथालयांच्या ठरावीक साच्यातल्या पुस्तकांच्या नोंदी) काढायला लावलीत, ती वाचायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पायमार्क हे साधन बसवून दिलंत आणि बजावलंत, ‘आधी नुसतं वाचायचं. मूळ फाइलला हात लावायचा नाही.’

मग २४५ या फील्डमधल्या, म्हणजे नोंदीतल्या रकान्यातल्या, शीर्षकाच्या एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक (संगणक अक्षर ओळखतो तो) छापून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्या’ आमच्याकडे दोन तऱ्हांनी टंकलेला होता. काही नोंदींत नुक्त्याचा ऱ, तर काहींत साध्या र चा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे हे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) वापरूनही ते एक होत नाहीत, आणि नुसता झेडडब्ल्यूजे उडवला असता तर वाऱ्याचा ‘वार्या’ झाला असता. तुम्ही सांगितलेली रिप्लेसची एक ओळ चालवली, नवी फाइल तपासली आणि मगच कोहात चढवली. वरातीबरोबर वऱ्हाडही आलं!

भाषेच्या कोडचं काम त्यामानाने किरकोळ. ००८ या फील्डमध्ये ३५ ते ३७ या भाषेच्या जागी बऱ्याच मराठी पुस्तकांना ‘इंग्रजी’चा कोड होता, टेम्प्लेटमधून तसाच आलेला. तो बदलला.

खरी मजा लेखकांच्या नावांत आली. पायथनच्या ‘काउंटर’ या मोजणीच्या साधनाने यादी काढली तर पु. ल. देशपांडे किती रूपांत! टिंबांसह, टिंबांविना, आडनाव आधी, पूर्ण नाव... ते सगळे एका नावाखाली आणले. पण कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर समोर आले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘हे प्रोग्रामला विचारू नका, ग्रंथपाल तुम्ही आहात.’ कविता एका नावाने, नाटकं दुसऱ्या नावाने लिहिलेली. वाचकही दोन्ही नावांनी मागतात. म्हणून दोन्ही नावांच्या शीर्षनोंदी वेगळ्या ठेवल्या आणि एकमेकींना ‘हेही पहा’ जोडलं. संगणक शिकवायला येणारे बरेच जण आमचं काम आम्हालाच समजावून सांगतात. तुम्ही ते कधी केलं नाहीत, याचे आभार सगळ्यांत जास्त.

आता प्रकाशकांची नावं घेतलीत हाती. २६० आणि २६४ अशा दोन फील्डांत विखुरलीत, त्यामुळे रविवारी फोन येणार हे गृहीत धरा.

आपली,
तालुक्याच्या गावची एक ग्रंथपाल