मेमो लिहायच्या आधी ड्यूटी शीट बघ

मिरज
२२ जून

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर झालीस, अभिनंदन! पेढे उधार राहिले तरी चालेल, पण तू जे विचारलंयस ते लगेच सांगायला हवं. पहाटे साडेचारला तुझ्या वॉर्डातल्या एका पोरीने डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल (इंजेक्शनच्या औषधाची छोटी कुपी) फोडली, दुसरीने वेळेवर लेबल वाचलं म्हणून निभावलं, आणि आता अधिसेविका (मेट्रन) मॅडम तुझ्याकडून तिला जाब विचारणारा मेमो मागतायत. मेमो द्यायचा की नाही ते तू ठरव. त्याआधी त्या आठवड्याची ड्यूटी शीट तेवढी समोर घेऊन बस.

पहिलं बघ, तिने आदल्या दिवशी मॉर्निंग करून नाइट केली होती का. आपल्याकडे ही जोडी इतकी सर्रास लावतात की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सकाळी ८ च्या ड्यूटीसाठी बाई ५ ला उठते, दुपारी २ ला सुटते, घरी जाऊन स्वयंपाकपाणी आणि पोरांचं बघते, पाठ टेकली तर टेकली, आणि रात्री ८ ला परत हजर. पहाटे साडेचारला तिला जागं होऊन साडेतेवीस तास झालेले असतात. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, हे ऑस्ट्रेलियात प्रयोग करून मोजलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. ज्या अवस्थेत पोलीस तिला स्कूटर चालवू देणार नाहीत, त्या अवस्थेत आपण तिच्या हाती औषधांची ट्रॉली देतो.

तेव्हा ड्यूटी लावताना मॉर्निंग-नाइट एका दिवशी कुणालाच देऊ नकोस. क्रम मॉर्निंग, ईव्हनिंग, मग नाइट असाच फिरव. उलटा फिरवला की शरीराला जुळवून घ्यायला जास्त त्रास होतो. सलग नाइट दोन, फार तर तीन. आणि सकाळी ८ ला नाइट संपवून सुटलेल्या दिवसाला ‘ऑफ’ म्हणू नकोस गं. तो दिवस झोपण्यात जातो, तीही तुकड्या-तुकड्यांची झोप. ऑफ त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘कर्करोगाचं संभाव्य कारण’ या गटात २००७ साली टाकलं आणि २०१९ ला पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. नाइट तर कुणाला टळणार नाही, पण ती कशी वाटायची हे इन्चार्जच्या पेनात असतं.

रात्री दोघी असतील तर आळीपाळीने १ ते ३ च्या दरम्यान २० ते ३० मिनिटं झोपू दे. हे चोरून होतंच, उघडपणे होऊ दे. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. उठल्यावर पंधरा मिनिटं इंजेक्शन भरायचं नाही. तोंड धुवायचं, एक चक्कर मारायची, मग ट्रॉली. चहा ३ च्या आत, नाहीतर घरी गेल्यावर झोप लागत नाही, कारण कॅफिन अर्धं व्हायलाच पाचेक तास लागतात.

आता त्या ॲम्प्युलचं. पोटॅशियम क्लोराइड १५ टक्के, १० मिलि, त्यात २० एमईक्यू (क्षार मोजायचं एकक). डिस्टिल्ड वॉटरही १० मिलिचंच, तशाच पारदर्शक प्लास्टिकमध्ये, आणि बहुतेक वॉर्डांत दोन्ही ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात पडलेली. पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. इतकं जीवघेणं औषध पाण्याशेजारी ठेवून ‘लेबल नीट वाचा’ अशी नोटीस लावण्यात काय अर्थ आहे? आजच्या आज ट्रॉलीतून ते काढ. कुलपातल्या कपाटात, वेगळ्या डब्यात, लाल लेबल लावून ठेव, आणि काढताना दोघींच्या सह्या घे. डब्यावरच लिहून टाक: फक्त पातळ करून, हाताच्या शिरेतून एका लिटरला ४० एमईक्यूपेक्षा जास्त नाही, मॉनिटर नसलेल्या वॉर्डात तासाला १० एमईक्यूच्या वर नाही.

तसंच सलाईनच्या थेंबांचं. पहाटे चारला कुणाला भागाकार करायला लावू नकोस. मोठ्यांच्या नेहमीच्या सेटला (२० थेंबांचा एक मिलि) ५०० मिलि चार तासांत द्यायचं तर मिनिटाला ४२ थेंब, सहा तासांत २८, आठ तासांत २१, बारा तासांत १४. हा तक्ता मोठ्या अक्षरात ट्रॉलीच्या वर चिकटव. मात्र सेटच्या पाकिटावर दुसरा आकडा असेल तर तक्ता बदलावा लागेल, तेवढं स्टोअरकडून नवा माल आला की बघत जा.

आणि औषध भरताना मध्येच येणाऱ्या हाका! ‘सिस्टर, सलाईन संपलं’, ‘सिस्टर, रिपोर्ट आले का’, वर टेलिफोन. सिडनीच्या दोन रुग्णालयांत हे मोजलं होतं, निकाल २०१० मध्ये छापून आला: औषध देताना एकेका व्यत्ययामागे चूक होण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतं. उपाय फुकट आहे. औषधांच्या वेळी फोन आणि नातेवाईक दुसऱ्या नर्सकडे, आणि ती नसेल तर वॉर्डबॉय मामांकडे. ट्रॉलीजवळच्या बाईशी डॉक्टरांनीही बोलायचं नाही, पेशंट कोसळला तरच. पहिल्या आठवड्यात डॉक्टर तोंड वाकडं करतील, मग सवय होते.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुझ्या वॉर्डातली टीपीआर शीट (टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशनचा तक्ता) उघडून बघ. चाळीस पेशंट आणि सगळ्यांचं टेंपरेचर ९८.४, पल्स ८०, रेस्पिरेशन २०, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेलं दिसलं तर तुझ्या वॉर्डात माणसं कमी आहेत हे त्या कागदावरच लिहिलंय असं समज. हिशेब कर: टेंपरेचर, पल्स, बीपी आणि पूर्ण एक मिनिट मोजलेला श्वास, लिहिण्यासकट एका पेशंटला चार मिनिटं. चाळीस जणांना १६० मिनिटं. रात्री एकटी असेल तर यातच जवळपास पावणेतीन तास गेले, औषधं आणि ॲडमिशन वेगळीच. मग ती काय करते? जे न मोजता सर्वांत सहज लिहिता येतं ते लिहिते, म्हणजे श्वास. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा सर्वांत आधी श्वासच वाढतो. खोटी नोंद करणारी बाई आळशी असते असं मला वाटत नाही. अशक्य काम शक्य आहे असं कागदावर दाखवायला तिला आपणच शिकवलेलं असतं.

म्हणून शिफ्ट बदलताना ओव्हर देताना-घेताना पेशंटचे दोन भाग पाड. गंभीर सहा-आठ खाटांना लाल खूण. त्यांचं चार तासांनी सगळं खरं मोजायचं, श्वास घड्याळ लावून, आणि मिनिटाला २५ किंवा त्यावर गेला तर लगेच ड्यूटी डॉक्टर. बाकीच्यांचं दिवसातून दोनदा. हे तुझ्या मनाने करू नकोस, युनिटच्या डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घे, म्हणजे उद्या काही झालं तर पोरींच्या गळ्याशी येणार नाही.

माणसं मागताना भावनेने मागू नकोस, आकडे मांड. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डासाठी शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के जादा. अमेरिकेत २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की एका नर्समागे एकेक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि नर्स स्वतः कामाच्या ताणाने करपून जाण्याची २३ टक्क्यांनी. अर्ज गेला म्हणजे माणसं आली असं नाही, ते तुलाही माहीत आहे. पण आवक नोंदवून घेतलेला अर्ज फायलीत असणं, यालाही किंमत आहे.

हातांविषयी कुणी फार बोलत नाही. एका नर्सकडे वीस पेशंट, प्रत्येकाला शिफ्टमध्ये चार वेळा स्पर्श, आधी आणि नंतर हॅन्डरब (हातांना चोळायचं स्पिरिटचं जंतुनाशक), दर वेळी २५ सेकंद: चार हजार सेकंद, म्हणजे सहा तासांतला एक तास सात मिनिटं नुसते हात चोळण्यात. हे पूर्ण होणार नाही हे उघड आहे. त्यात रब स्वस्तातला, नुसतं स्पिरिट असलेला असेल तर हात कोरडे पडून भेगा जातात, भेगांत स्पिरिट झोंबतं, मग ती बाटलीकडे हातच नेत नाही आणि दिवसभर एकाच ग्लोव्हजच्या जोडीत वावरते. खाट क्रमांक ७ चा जंतू १२ ला पोचतो तो असा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रबमध्ये इथेनॉल ८० टक्के असतं तसं ग्लिसरॉल १.४५ टक्केही असतं, ते त्वचेसाठीच. तुझ्या फार्मासिस्टला विचार, आपल्या बाटलीत ते आहे का. बाटली बेसिनपाशी एकच नको, दर दोन खाटांमध्ये एक. हात मळलेले दिसत असतील तर मात्र साबण-पाणीच. रबच्या जागी रोज दहादा साबण लावायला लावलंस तर भेगा वाढतील.

सुई टोचण्याचे प्रकार बघशील तर बहुतेक घाईत, शिफ्ट संपता संपता, आणि रिकॅप करताना, म्हणजे वापरलेल्या सुईला परत टोपण लावताना. रिकॅप करू नका असं सांगून भागत नाही. पांढरा पंक्चरप्रूफ डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर माणूस टोपण लावणारच. उघडी सुई घेऊन चाळीस खाटा ओलांडणार कोण? डबा आणि हब कटर (सुई कापायचं यंत्र) ट्रॉलीवर, हाताच्या अंतरावर. डबा तीन चतुर्थांश भरला की बदल, कोंबायचा नाही.

टोचलंच तर साबण आणि वाहतं पाणी. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच नाही. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची पहिली गोळी शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, २८ दिवस. एचआयव्हीची भीती सगळ्यांना असते, पण लस न घेतलेल्या बाईला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो, एचआयव्हीचा ०.३ टक्के. दोन तासांचं गणित फसतं ते दोन कारणांनी: रात्री गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे ते माहीत नसतं, आणि ‘मेमो मिळेल’ म्हणून ती सकाळपर्यंत गप्प बसते. किल्ली कुणाकडे ते फोन नंबरसकट भिंतीवर लाव. आणि टोचल्याचं सांगितलं म्हणून तुझ्या वॉर्डात कुणालाही जाब विचारला जाणार नाही, हे पहिल्याच मीटिंगमध्ये मोठ्याने सांग.

कंबरेचं थोडक्यात लिहिते. खाटेचं क्रँकचं हँडल गंजलं की खाट वर होत नाही, मग सगळ्याजणी दिवसभर वाकून. महिन्यातून एकदा मामांकडून तेल घालून घे, ट्रॉलीच्या चाकांतले केस आणि दोरे काढून घे. पेशंट सरकवताना ब्रेक लावलेले, खाट कमरेच्या उंचीला, दोघीजणी ड्रॉ शीट (पेशंटखालची आडवी चादर) धरून, डोक्याकडची मोजणार. एकटीने उचलण्याची मर्यादा अमेरिकेत जेमतेम १६ किलो धरतात, आपला पेशंट साठचा. फ्लोअर बेडवर सलाईन लावायचं तर पाट घेऊन बसायचं, वाकून नाही.

आणि स्टाफचं टॉयलेट. किल्ली ऑफिसात, ऑफिस पाचला बंद. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. बारा तासांत अर्धी बाटली, मग लघवीला जळजळ, ताप, सिक लीव्ह, आणि तुझ्या शीटमध्ये परत भोक. किल्ली वॉर्डातच खिळ्याला टांग.

नातेवाइकांच्या मारहाणीबद्दल तू लिहिलंयस. २०१० चा महाराष्ट्राचा कायदा नर्सलाही लागू आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे, तेव्हा तक्रार संस्थेच्या नावाने द्यायला लाव, पोरीच्या नावाने नाही.

मावशी आणि मामा (वॉर्डाचे मदतनीस) कंत्राटी असतील तर त्यांच्या हिपॅटायटिस बीच्या लशीची नोंद कुणाकडेच नसते, आणि कचऱ्याची पिशवी उचलतात तेच. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) १० च्या वर आलं का ते बघायचं. कंत्राटदार हात झटकेल, म्हणून यादी तूच कर आणि अर्ज तुझ्या सहीने पाठव.

जुलैची शीट लावण्याआधी फोटो पाठव, मॉर्निंग-नाइट कुठे राहून गेली असेल तर दोघी मिळून काढू.

तुझी,
वैजू