फिरत्या संगीतिका ठाण्यात का थांबत नाहीत?

मा. संपादक,

ॲनिमेशनपटांवरून केलेल्या मोठ्या संगीतिका मुंबईने पाहिल्या आहेत. २०१५ मध्ये ‘ब्युटी अँड द बीस्ट’ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झालं, २०१८ मध्ये ‘अलादीन’ नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहात. सुट्ट्या लागल्या की ठाणे-नवी मुंबईतले पालक विचारतात, पोरांना घेऊन नरिमन पॉइंट का गाठायचा? हेच प्रयोग ठाण्याच्या गडकरी रंगायतनला, घाणेकर नाट्यगृहात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात का लागत नाहीत? यावर ठरलेलं उत्तर म्हणजे खुर्च्या कमी, तिकिटाचं गणित बसत नाही. ते काही खोटं नाही, पण खरी अडचण पडद्यामागे आहे.

पहिली गोष्ट उंची. ॲनिमेशनपटात जंगलातून राजवाड्यात जायला एक क्षण पुरतो आणि पोरांना रंगमंचावरही तेच हवं असतं. त्यासाठी रंगवलेला पडदा सरळ वर उचलून दिसेनासा करतात. समोरची कमान, म्हणजे प्रेक्षकांना रंगमंच दिसतो ती चौकट, ६ मीटर उंच असेल तर पडदा साधारण ७ मीटरचा. तो पुरता लपायचा तर वरची जाळी, म्हणजे पडदे-दिवे जिथून टांगतात ती छताखालची चौकट, जमिनीपासून निदान १५ मीटरवर, म्हणजे कमानीच्या अडीचपट उंचीवर लागते. तेवढी उंची नसेल तर पडद्याच्या मध्यावर दुसरी नळी बांधून तो दुमडून घेतात. पुन्हा पुन्हा दुमडला की दुमडीवर रंगाला चिरा पडतात आणि समोरून दिवा पडला की राजवाड्याच्या भिंतीवर आडवी रेघ दिसते. आपलं घरगुती नाटक एका दिवाणखान्यात घडतं, त्यामुळे ही उंची नसल्याचं कुणाला जाणवतही नाही.

उंची असली तरी बार, म्हणजे पडदे-दिवे टांगायच्या वरखाली होणाऱ्या आडव्या नळ्या, नीट चालवणारी माणसं हवीत. दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजनं लावून तोललेल्या बारला आधी खाली सामान बांधायचं, मग वरच्या गॅलरीत वजनं चढवायची. उतरवताना उलट, म्हणजे आधी वजनं काढायची आणि मगच सामान सोडायचं. घाईत खालचं सामान आधी सोडलं की हलका झालेला बार सुसाट वर जातो आणि दुसऱ्या टोकाची वजनं तितक्याच वेगाने खाली येतात. ब्रेकच्या भरवशावर राहू नये, एवढी तफावत त्याला पेलत नाही.

फिरती कंपनी जागेशी जुळवून घेतेच. ‘लायन किंग’ १९९७ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं तेव्हा सिंहांचा कडा रंगमंचाच्या पोटातून फिरत वर यायचा. दौऱ्यासाठी पुढे विंगेतून आणायचा कडाही केला गेला. पण विंगेतून आणायचा तर तो आधी विंगेत मावला पाहिजे. त्याच संगीतिकेत हत्ती प्रेक्षागृहातल्या वाटेने चालत येतो, तेव्हा खुर्च्यांमधली वाट आणि मागचं दार किती रुंद, हाही नेपथ्याचाच प्रश्न होतो.

दुसरी गोष्ट वेळ, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हीच आडवी येते. आपली नाट्यगृहं सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी दिली जातात. ट्रक लागल्यापासून दोन-तीन तासांत सेट उभा करण्यात मराठी बॅकस्टेजवाल्यांचा हात कुणी धरणार नाही. संगीतिकेचं काम मात्र ठरलेल्या क्रमानेच होतं. मोकळ्या रंगमंचावर खडूने खुणा, मग दिवे छातीच्या उंचीवर टांगून वर घेणं, मग जमिनीवरची फळी, झालरी, सेट. त्यानंतर दिव्यांचा फोकस, त्याला पूर्ण अंधार लागतो. मग ध्वनीची जुळणी, तिला शांतता लागते आणि त्या वेळी ड्रिल मशीन चालत नाही. अंधार, शांतता आणि ठोकाठोक एकाच वेळी होणार कशी? माणसं दुप्पट केली तरी तास फारसे कमी होत नाहीत. सलग दोन दिवस प्रयोगाविना रंगमंच मिळाला तर बेताची संगीतिका उभी राहते, आणि तसा दर आपल्या भाडेपत्रकात सहसा नसतो. सगळी सत्रं पूर्ण भाड्याने घ्यायला लावली, की निर्माता बीकेसीतल्या मोठ्या नाट्यगृहाची वाट धरतो.

वीज हवी ती थ्री फेज, आणि प्रकाश व ध्वनीसाठी वेगळ्या जोडण्यांची. दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरच्या वायरींना खेटून माइकच्या वायरी नेल्या की दिवे मंद होताना स्पीकरमधून गुणगुण येते. वायरी एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. गाणाऱ्या नटांचे माइक कपाळावर, केसांच्या रेषेशी चिकटवतात. नाच आणि जड पोशाख म्हटल्यावर घाम आलाच, आणि माइकच्या तोंडाशी (कॅप्सूलवर) थेंब बसला की आवाज एकदम भरड होतो. म्हणून मुख्य नटाला दोन माइक लावतात. वातानुकूलन दुसऱ्या अंकात ‘विश्रांती’ घेतं, तिथे दोन्ही बुडतात.

वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र हा पर्याय सुचवला जातो. तिथे गाडी आत नेता येते, पण जमीन सपाट. उतरत्या ओळींचे पायऱ्यांचे मंच बांधले नाहीत, तर सहा वर्षांच्या पोराला पुढच्या काकांचं डोकंच दिसणार. त्या मंचांचं भाडं सुरुवातीलाच धरावं.

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांना आमची विनंती आहे. प्रत्येक नाट्यगृहाचं तांत्रिक पत्रक संकेतस्थळावर टाका: कमानीची उंची-रुंदी, रंगमंचाची खोली, विंगांची रुंदी, जाळीची उंची, प्रत्येक बारला पेलणारं वजन, उपलब्ध अँपिअर, सामानाच्या दाराचं माप, ट्रक उभा करायची जागा. बाहेरची कंपनी सगळ्यात आधी हेच मागते. तलावपाळीसारख्या गजबजलेल्या भागात रात्री सामान उतरवायची परवानगी आणि वाहतूक पोलिसांची संमती नाट्यगृहाच्या अर्जातच जोडा. बांधणीसाठी सलग दोन दिवसांचा सवलतीचा दर ठरवा, तो मराठी बालनाट्यांनाही लागू करा. यापुढे नूतनीकरण निघेल तेव्हा ग्रॅनाइट आणि झुंबरांच्या आधी, सामानाच्या दाराशी चाकाची पेटी ढकलता येईल असा उतार अंदाजपत्रकात धरा. लांबी उंचीच्या बारापट ठेवावी, त्याहून उभा केला तर भरलेली पेटी आवरणं अवघड जातं.

– नेपथ्य व प्रकाशाची कामे करणारे काही रंगकर्मी, ठाणे